भाव नसलेला मासा

टेक्ससच्या खाड्यांत एक मासा आहे, त्याला बाजारभाव नाही. तो कुणाला नकोसा आहे म्हणून नव्हे. मेक्सिकोच्या आखाताच्या त्या किनाऱ्यावर हौशी मच्छीमार ज्याच्यासाठी पहाटे चारला उठतात, गाडीमागे होडी जोडून लांबलांबून येतात आणि घरच्यांचे टोमणे खातात, तो हाच. पण टेक्ससच्या पाण्यात धरलेला हा मासा विकता येत नाही. तसा कायदा १९८१ साली झाला. खायचा असेल तर स्वतः धरावा, नाहीतर धरणाऱ्याशी गोडीत राहावं.

लोक त्याला ‘स्पेकल्ड ट्राउट’ म्हणत असले तरी डोंगरी झऱ्यांतल्या ट्राउटशी त्याचं काही सोयरसुतक नाही. त्याचं कूळ खाऱ्या पाण्यातलं, सायनिडी नावाचं. आपला घोळ, आपला ढोमा, आपला कोत ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातला हा लांबचा भाऊबंद. बाजूने पाहिला की ओळख पटते: लांबट अंग, मधे खाच पडलेला पाठीवरचा पर, बारीक चंदेरी खवले. नुकताच पाण्यातून काढलेला असला तर पाठ हिरवट-करडी दिसते आणि तिच्यावर फिकट जांभळी झाक असते. ती बघता बघता उडून जाते. पाठीवर आणि शेपटीवर काळे गोल ठिपके. तोंड उघडलं की आतून केशरी-पिवळं, आणि वरच्या जबड्यात अगदी पुढे दोन सुळे.

माझी त्याच्याशी ओळख मामामुळे झाली. मामा पालघरकडच्या केळव्याचा. ऐंशीच्या दशकात शिकायला म्हणून अमेरिकेत गेला, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि ह्यूस्टनच्या दक्षिणेला, लीग सिटीत, कायमचा राहिला. निवृत्तीनंतर लोक जग हिंडतात. मामाने सतरा फुटांची फायबरग्लासची होडी घेतली. मामीच्या मते सवत आणली. होडीला छप्पर नाही, शौचालय नाही, बसायला दोन बाकडी, मागे साठ अश्वशक्तीचं इंजिन आणि मधे बर्फाची पेटी. त्या पेटीच्या झाकणावर इंचांच्या खुणा असलेली पट्टी चिकटवलेली आहे. होडीतली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू ती पट्टीच, हे मला पुढे कळलं.

गॅल्व्हेस्टनची खाडी अफाट आहे. सुमारे सहाशे चौरस मैल पाणी, आणि खोली मात्र बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटर. ट्रिनिटी आणि सॅन जॅसिंटो या नद्या तिच्यात गोडं पाणी ओततात, आखाताकडच्या तोंडातून खारं पाणी आत येतं, आणि दोन्ही जिथे मिसळतात तिथे कोळंबी, कालवं, चिंबोऱ्या यांची चंगळ असते. या उथळ पाण्यातून ह्यूस्टन बंदराकडे जाणारा जहाजांचा मार्ग खणून खोल केलेला आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कुणी गरी टाकत असतो आणि काही अंतरावरून दहामजली उंचीचा तेलवाहू टँकर शांतपणे निघून जातो. जहाज जवळ आलं की कडेचं पाणी आधी मागे ओढलं जातं आणि मग मागाहून लाट येते. मामा तेव्हा होडीची नाळ लाटेकडे वळवतो आणि “धर,” एवढंच म्हणतो.

केळव्याच्या माणसाला या पाण्यात एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते, ती म्हणजे भरती-ओहोटी. आमच्याकडे सुकतीला समुद्र पार लांब जातो आणि भरतीला बंधाऱ्यावर येऊन आपटतो. उधाण कधी, भांग कधी, हे तिथे तिथीवरून पोरालाही सांगता येतं. गॅल्व्हेस्टनला फरक जेमतेम फूट-दीड फुटाचा. तिथे चंद्रापेक्षा वारा जास्त पाणी हलवतो. हिवाळ्यात उत्तरेचा वारा जोरात सुटला की खाडीतलं पाणी आखाताकडे ढकललं जातं आणि एरवी बुडालेल्या कालवांच्या राशी उघड्या पडतात. त्या राशी हे या माशाचं आवडतं ठिकाण. २००८ साली आइक नावाचं वादळ आलं, तेव्हा खाडीतल्या अशा निम्म्याच्या आसपास राशी गाळाखाली गाडल्या गेल्या. मामा अजून काही जागांवरून जाताना हात करून सांगतो, “इथे होती.” मला तिथे फक्त पाणी दिसतं.

मासा शोधायची रीत मात्र दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच: आधी पाणी वाचायचं. शरद ऋतूत पांढरी कोळंबी पाणथळ गवतातून बाहेर पडून आखाताकडे निघते. खालून ट्राउट तिच्यावर तुटून पडतात, ती उड्या मारत वर येते आणि वर कुरव टपलेलेच असतात. कुरव एका जागी घिरट्या घालत ओरडत असले तर खाली मासे आहेत असं धरायचं. सुरय पक्ष्यांवर मात्र तिथले लोक विश्वास ठेवत नाहीत. ते कशावरही सूर मारतात, खाली मोठा मासा असो वा नसो. मामा त्यांना ‘लबाड’ म्हणतो.

पक्ष्यांपेक्षा भरवशाची खूण वासाची. खाली माशांनी भरपेट खाल्लं, खाल्लेलं थोडं ओकलं, की त्यातलं तेल वर येतं आणि वाऱ्याने खवळलेल्या पाण्यात एक गुळगुळीत डाग उमटतो. नवा डाग लहान असतो, वारा त्याला ओढत नेतो तसा तो पसरतो. म्हणून डाग जिथे आहे तिथे मासा नसतो, वाऱ्याच्या वरच्या अंगाला असतो. आणि त्या डागाला वास येतो नुकत्याच कापलेल्या कलिंगडाचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती मामाची थट्टा वाटली. मग एका सकाळी, चहूकडे खारं पाणी, डिझेलचा मंद वास, आणि त्यातच खरोखर कलिंगडाचा वास आला. मामाने इंजिन बंद केलं, नाक वर करून वारा हुंगला आणि गरी हातात घेतली.

इंजिन बंद केल्यावर होडी वाऱ्यावर सोडून द्यायची. फार वेगाने जाऊ नये म्हणून मागे दोरीला बांधलेलं कापडी नळकांडं पाण्यात टाकायचं. त्यात पाणी भरतं आणि होडीला लगाम बसतो. मग गरी. तिथे सर्रास वापरतात तो बुचाचा प्रकार. दोऱ्यावर एक रंगीत बूच, वरून खोलगट, त्याच्या दोन्ही बाजूंना तारेवर मणी, आणि खाली दोन-तीन फुटांवर गळाला लावलेली जिवंत किंवा प्लास्टिकची कोळंबी. काठीला हिसका दिला की बुचाची खोलगट बाजू पाणी गिळते, ‘डुबुक्’ असा आवाज होतो आणि मणी खुळखुळतात. एखादा ट्राउट पृष्ठभागाजवळ कोळंबी मटकावतो तेव्हा असाच आवाज होतो म्हणे. म्हणजे आपण दुसऱ्या माशांना सांगायचं, जेवण सुरू झालंय, या. दोन-तीन डुबुक्, थोडं थांबणं, पुन्हा डुबुक्. मग कधीतरी बूच दिसेनासं होतं.

“झटका मारू नकोस,” मामा म्हणतो. “याचं तोंड पातळ असतं, फाटून जाईल. दोरा नुसता ताणलेला ठेव. त्याला दमू दे.”

होडीजवळ आला की मासा वर येऊन डोकं झटकतो. गळ सुटतो तो बहुतेक याच वेळी. म्हणून त्याला दोऱ्याने वर उचलायचा नाही, खालून जाळीत घ्यायचा. मामा हात आधी पाण्यात बुडवतो, कारण कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे जगेलच याची खात्री राहत नाही. मग त्याला पट्टीवर निजवतो, नाक एका टोकाला, शेपटी मिटून दुसऱ्या टोकाला. आणि त्याच वेळी तो मासा बोलतो.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं पेटीचं झाकण करकरलं. तसा आवाज, पोटातून येणारा, थांबून थांबून: कर्र, कर्र. हाताला तो आधी जाणवतो आणि मग कानाला ऐकू येतो. मामा म्हणाला, “नर आहे. माद्या गप्प असतात.” हे खरं आहे. या जातीत आवाजाचे स्नायू फक्त नराला असतात. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यामुळे तो पाण्यात हवा तिथे तरंगत राहू शकतो. पिशवीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू भराभर आखडतात, सैलावतात, आणि पिशवी ढोलासारखी घुमते. सगळं कूळच या ढोलावरून इंग्रजीत ओळखलं जातं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, वीणीच्या दिवसांत, नर एका जागी जमतात आणि माद्यांसाठी सामुदायिक घुमणं सुरू होतं.

याच पिशवीला आमच्या पालघरच्या किनाऱ्यावर बोत म्हणतात. घोळ माशाचं बोत. ते काढून, पसरून, वाळवून हाँगकाँग-सिंगापूरकडे जातं. तिथे त्याचं सूप होतं, औषध म्हणून खातात, लग्नकार्यात भेट देतात. काही माशांच्या पिशवीपासून निघणाऱ्या चिकट पदार्थाने दारू नितळ करतात, टाक्यांचे दोरेही होतात असं सांगतात. घोळ माशाच्या मांसालाही चांगला भाव आहे, पण नाव काढतात ते बोताचं. २०२१च्या पावसाळी बंदीनंतर मुरब्याच्या एका मच्छीमाराला १५७ घोळ मिळाले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेले, अशी बातमी आली होती. केळवं-मुरबं हे अंतर ते किती! आमच्याकडे त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. मामाने टेक्ससहून फोन केला तो घरच्यांची खुशाली विचारायला नव्हे, ती बातमी खरी का ते विचारायला. दोन वर्षांनी गुजरातने घोळ आपला राज्यमासा ठरवला. महाराष्ट्राने पापलेटला तो मान दिला.

धक्क्यावरच्या लाकडी टेबलावर मामा मासे साफ करत होता, तेव्हा मी त्याला ती पिशवी दाखवायला सांगितली. त्याने सुरीच्या टोकाने अलगद सोडवून माझ्या तळहातावर ठेवली. बोटभर लांब, दुधी रंगाची, अर्धपारदर्शक, गाजरासारखी मागे निमुळती होत गेलेली. पुढच्या टोकाला दोन बारीक शिंगं. दाबली तर लवचीक, पण भिंत चांगली जाड. एवढ्याशा वस्तूतून मघाचा तो आवाज आला होता. मी म्हटलं, “याचं काय करायचं?” मामाने ती माझ्या हातावरून उचलली आणि माशाच्या घाणीच्या बादलीत टाकली. “इथे याचं काही करत नाहीत,” तो म्हणाला. गाबोळी मात्र त्याने वाटीत जपून काढून ठेवली. ती संध्याकाळी रव्यात घोळवून तळायची होती.

तिथून पुढे मी या पिशव्यांच्या मागेच लागले. या कुळाचं दुर्दैव असं की ज्या अवयवामुळे ते बोलतं, त्याच अवयवाला पैसा आहे. मेक्सिकोत, कॅलिफोर्नियाच्या आखातात, टोटोआबा नावाचा अवाढव्य मासा आहे. एके काळी शास्त्रज्ञ त्याला आमच्या ठिपकेवाल्याच्याच प्रजातीत धरत. त्याच्या पिशवीला चीनमध्ये इतकी किंमत येते की १९७५ सालापासून बंदी असूनही चोरटी जाळी पडतच राहिली. त्या जाळ्यांत अडकून व्हाकिता नावाचा छोटासा पॉरपॉइज मरत गेला. आज जगात तो जेमतेम दहाच्या आसपास उरला आहे. त्याच्या मांसाला, हाडाला, कशालाही किंमत नाही. तो फक्त शेजारी राहत होता.

त्याच आखातात ट्राउटचा आणखी एक सख्खा नातेवाईक आहे, गल्फ कोर्व्हिना. वसंतात कोलोरॅडो नदीच्या मुखाशी तो लाखोंनी जमतो आणि असा घुमतो की २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचा आवाज माशांमध्ये तोवर मोजलेल्या आवाजांत सर्वांत मोठा ठरला. जवळ असलेल्या समुद्रसिंहांच्या कानांना इजा व्हावी इतका. हा आवाज तिथल्या लहान होड्यांच्या तळातून वर ऐकू येतो. मच्छीमार इंजिन बंद करून ऐकतात, आणि आवाज जिथे दाट तिथे जाळं सोडतात. काही मिनिटांत एका होडीला दोन टनांपर्यंत मासा मिळतो. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर तर याच कुळातल्या माशांचा ठावठिकाणा पाण्यात डोकं बुडवून, ऐकून सांगणारी खास माणसं असत; होडीचा मालक त्यांच्या कानावर भरवसा ठेवून जाळं टाकी. मासा जोडीदाराला हाक मारतो आणि ती हाक तिसराच ऐकतो.

मामाने मला ते ऐकवायचं ठरवलं. जूनची संध्याकाळ होती. आम्ही पश्चिमेच्या खाडीत, ख्रिसमस बेच्या बाजूला, गवताळ उथळाच्या कडेला गेलो. जिथे पाणी एकदम खोल होतं तिथे त्याने नांगर टाकला. गरी काढल्याच नाहीत. उकाडा, डास, आणि पलीकडे गॅल्व्हेस्टन बेटावरच्या घरांचे दिवे. सूर्य बुडाला तरी काही होईना. मग मामा म्हणाला, “खाली वाक. कान लाव.” मी बाकड्याखाली होडीच्या तळाला कान टेकला. आधी माझ्याच हृदयाचे ठोके ऐकू आले, मग लहान कोळंब्यांचा चटचट आवाज, आणि मग त्याच्या खालून एक घुमारा. एकेक आवाज वेगळा काढता येत नव्हता. कुणीतरी दूरवर, बंद दारांमागे, खूप माणसं एकदम बोलत असावीत तसं. टेक्सस विद्यापीठाच्या पोर्ट अरान्सासच्या सागरी संशोधन संस्थेतले लोक पाण्यात माइक सोडून हे आवाज वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित करत आले आहेत. वीण कुठे, कधी, किती, हे त्यावरून कळतं. मामाने माइक न सोडता तेच केलं. फरक इतकाच की त्या आवाजाचं आम्हाला काही करायचं नव्हतं.

काही करायचं नव्हतं, कारण कायद्याने तशी सोय ठेवली आहे. त्या कायद्याची गोष्ट सरळ नाही. सत्तरच्या दशकात टेक्ससच्या खाड्यांत गिलनेट मुबलक होती आणि ट्राउट व लाल ड्रम हे मासे घटत चालले होते. १९७७ साली ह्यूस्टनमध्ये काही हौशी मच्छीमारांनी एकत्र येऊन संघटना काढली. त्यांच्यापाशी पैसा होता, वकील होते, आमदारांपर्यंत पोच होती. चार वर्षांत त्यांनी दोन्ही माशांची विक्री बंद करणारा कायदा करून घेतला. माशाचा भाव काढून घेतला की त्याच्यामागे जाळं टाकण्यात राम राहत नाही. मासा वाढला, हे खरं. पण ज्यांचं पोट त्या विक्रीवर होतं ते खाडीतले जुने जाळेवाले एका सहीने बाजूला झाले. त्यांचा आवाज ऑस्टिनच्या विधानभवनात पोचला नाही, किंवा पोचला तेव्हा मोजला गेला नाही.

त्याच १९८१ साली, गॅल्व्हेस्टनच्याच खाडीतलं, आणखी एक भांडण कोर्टात गेलं. व्हिएतनाम सोडून आलेले निर्वासित कोळंबी धरू लागले होते. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने त्यांच्या होड्या जाळण्याच्या धमक्या दिल्या, शस्त्रं घेऊन खाडीत फेऱ्या मारल्या. निर्वासितांच्या संघटनेने ह्यूस्टनच्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला आणि न्यायाधीशांनी क्लॅनला मनाई केली. मामाने हे नंतर आलेल्या माणसाच्या उत्सुकतेने वाचून ठेवलं आहे. खाडी कुणाची, हा प्रश्न त्याला पुस्तकातला वाटत नाही.

योगायोग असा की महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदाही १९८१चाच. तिथे विक्री बंद करायचा विचारही कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. आपला किनारा विक्रीवर चालतो. पहाटे धक्क्यावर होडी लागते, लिलाव होतो, टोपल्या भरतात, बायका त्या घेऊन गाडी पकडतात. आपल्याकडे नियम आले ते वेगळ्या वाटेने: यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी, जाळ्यांच्या आसाचं माप, आणि २०२३ साली ५४ जातींच्या सागरी प्राण्यांना ठरवून दिलेला किमान आकार. मी मामाला विचारलं, “केळव्यात असा कायदा आला, घोळ विकायचा नाही म्हणून, तर?”

“आणणाऱ्याला मारतील,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “मीही त्यांच्यात असेन.”

आणि तरीही इथे तो त्याच कायद्याची फळं खात होता, अक्षरशः. मला यात ढोंग दिसलं नाही, पण कोडं दिसलं. हौसेसाठी मासा राखणं सोपं, कारण हौस एक दिवस उपाशी राहू शकते. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्ससवर हिमलाट आली. उथळ खाड्या गोठण्याच्या बेतात आल्या आणि राज्याच्या मत्स्यखात्याच्या अंदाजाने किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेले. १९८३ आणि १९८९ नंतरचा हा मोठा फटका. ट्राउट गारठ्याला फार नाजूक, आणि तो एका खाडीतून दुसऱ्या खाडीत फारसा जातही नाही. एका खाडीतला मेला की ती खाडी तिथल्या तिथेच भरून यावी लागते. मग नियम कडक झाले. एके काळी माणशी दिवसाला दहा मासे चालत, हिमलाटेआधीच ते पाच झाले होते, आणि २०२४पासून तीन, तेही पंधरा ते वीस इंचांच्या मधले. त्याहून लहान असेल तर वाढू द्यायचा. मोठा असेल तर ती बहुतेक मादी असते, एप्रिल ते सप्टेंबर पुन्हा पुन्हा लाखोंनी अंडी घालणारी; म्हणून तीही परत. वर्षाला एखादा फार मोठा ठेवायची मुभा आहे, पण त्यासाठी परवान्यासोबतची खास चिठ्ठी लागते.

मामाने एकदा तेवीस इंचांची मादी पट्टीवर मोजली, दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवली, ती शेपटी हलवेपर्यंत थांबला आणि सोडून दिली. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. केळव्यात एवढा मासा कुणी सोडला असता तर घरच्यांनी वैद्याकडे नेलं असतं. पण इथे सोडल्याने मामाचं काही बुडालं नाही. घरी मामीने डाळ लावलेली होती.

एका गोष्टीचा मात्र मला त्या राज्याकडून धडा मिळाला असं वाटतं, आणि तो १९८१चा नव्हे. १९९५ साली टेक्ससला खाड्यांतल्या कोळंबीच्या होड्या कमी करायच्या होत्या. या खेपेला नुसती बंदी घातली नाही. नवे परवाने थांबवले आणि ज्यांना धंदा सोडायचा होता त्यांचे परवाने राज्याने पैसे मोजून विकत घेतले. त्यातले काही पैसे मामासारख्या हौशी माणसांच्या खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीच्या परवान्यातून आले. कोळंबी पाण्यात राहिली तर ट्राउटला खायला मिळतं, ट्राउट राहिला तर हौशी माणसाला मजा मिळते, म्हणून मजेची किंमत मजा घेणाऱ्याने भरायची, आणि ती ज्याने जाळं गुंडाळलं त्याच्या हातात पडायची. माशाला भाव नाही ठेवला तरी त्याला न धरण्याला भाव ठेवला.

मामा पेट्रोलवर कुरकुरतो, प्लास्टिकच्या कोळंब्यांच्या किमतीवर कुरकुरतो, धक्क्यावरच्या पार्किंगवर तर तासभर बोलतो. परवान्याच्या पैशांवर कधी बोललेलं मी ऐकलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाला, “अगं, कुणीतरी जाळं उचललं म्हणून मी इथे बसून गरी टाकतोय. त्या पहिल्या लोकांना कुणी एक डॉलर दिला नाही. नंतरच्यांना मिळाले, तर त्यात माझे थोडे गेले. बरंच झालं.”

आपल्या किनाऱ्यावर घोळ, पापलेट, सुरमई यांना किमान आकार ठरला आहे, बंदीचे दिवस ठरले आहेत, आणि पुढे आणखी काही ठरेल. ते ठरवणाऱ्यांच्या खोलीत इंचपट्टी असणारच, असायलाही हवी. पण लहान मासा परत पाण्यात टाक असं ज्याला सांगायचं, त्याच्या घरी त्या रात्री डाळ आहे का, आणि नसेल तर ती कुणी पाठवायची, हे आधी ठरलं पाहिजे. खाणारे आपण आहोत. पाठवणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव आपलं असायला हरकत नाही.